विद्याव्यासंगी संत जेरोम

मनुष्याच्या हातून उपासना घडते, वाचनहि घडतें; पण मन ठिकाणावर नसेल तर दोन्ही व्यर्थ जातात. ओंठ प्रार्थना पुटपुटत असतात आणि चित्त बाजारांत हिंडत असतें. डोळे पानावरून फिरतात आणि अर्थ पानावरच राहून जातो. हा अनुभव कोणास नाहीं? देवापुढें सावध असणें व पुस्तकापुढें सावध असणें हीं एकाच सद्गुणाचीं दोन रूपें होत, हें ज्या थोर पुरुषानें आपल्या सबंध आयुष्यानें दाखवून दिलें, त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या मातापितरांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटतें. हा पुरुष म्हणजे पवित्र शास्त्राचा लॅटिन भाषान्तरकार, संत जेरोम.

संत जेरोम यांचा जन्म इ. स. ३४७ च्या सुमारास डॅल्मेशिया व पॅनोनिया या दोन रोमन प्रांतांच्या सीमेवरील स्ट्रिडोन नांवाच्या लहानशा गांवीं झाला. हें गांव पुढें त्यांच्या हयातींतच गॉथ लोकांनीं उद्ध्वस्त केलें. घराणें ख्रिस्ती व खाऊनपिऊन सुखी होतें. घरचें प्राथमिक शिक्षण संपल्यावर वडिलांनीं त्यांस बोनोसस नांवाच्या बालमित्राबरोबर रोम येथें पाठविलें. तेथें डोनॅटस या विख्यात वैयाकरणापाशीं त्यांचें अध्ययन झालें. या डोनॅटसचें व्याकरण युरोपांतील पाठशाळांतून पुढें अनेक शतकें चालू होतें, यावरून गुरूची योग्यता कळून येईल. व्हर्जिलचीं काव्यें, टेरेन्सचीं नाटकें आणि सिसेरोचीं भाषणें जेरोमनीं इतक्या आवडीनें आत्मसात् केलीं कीं, त्यांची लॅटिन लेखनशैली अखेरपर्यंत त्या संस्काराची साक्ष देत राहिली.

रोम नगरींत विद्या होती, तसे मोहहि होते. आणि तरुण जेरोम त्या मोहांपासून अगदीं अलिप्त राहिले असें नाहीं. पुढें त्यांनीं स्वतःच त्याबद्दल खेद प्रकट केला आहे. तथापि रविवार आला म्हणजे ते सोबत्यांसह नगराखालील भुयारांत उतरत. तेथें प्रेषितांच्या व रक्तसाक्ष्यांच्या कबरी होत्या. दोहों बाजूंच्या भिंतींत प्रेतें ठेवलेलीं, वरच्या झरोक्यांतून मधूनमधून येणारा क्षीण प्रकाश, बाकी सर्व काळोख. चाचपडत पाऊल टाकावें लागे. अशा त्या अंधारांत या तरुणाच्या मनांत विश्वासाची ज्योत हळूहळू पेटत गेली असावी. त्या काळीं पुष्कळ ख्रिस्ती मातापिता मुलांचा बाप्तिस्मा लांबणीवर टाकीत. त्याप्रमाणें जेरोम यांचाहि बाप्तिस्मा प्रौढपणीं रोम येथेंच झाला.

विद्यार्थिदशेंतच त्यांस पुस्तकें जमविण्याचा नाद लागला. त्या काळीं छापखाना नव्हता. पुस्तक हवें असेल तर तें विकत घ्यावें किंवा स्वहस्तें उतरून काढावें, एवढाच मार्ग. जेरोमनीं मोठ्या कष्टानें आपलें ग्रंथालय जमविलें व पुढें ज्या ज्या देशीं गेले तेथें तें बरोबर नेलें. घर सुटलें, आप्त सुटले, उत्तम अन्नाची चटक सुटली. पण पुस्तकें सुटेनात. गॉल देशांतील ट्रीर नगरींत असतां त्यांनीं आपला मित्र रुफिनस याच्यासाठीं संत हिलरी यांचे ग्रंथ उतरून काढले. आणि येथेंच संसाराचा त्याग करून ईश्वरसेवेस वाहून घेण्याचा त्यांचा निश्चय झाला. कांहीं काळ इटलींतील ॲक्विलीया येथें समानशील मित्रांच्या सहवासांत काढून इ. स. ३७४ च्या सुमारास ते पूर्वेकडे निघाले. अँटिओक येथें पोंचतांच आपत्तींनीं त्यांस गांठलें. बरोबर आलेले दोन मित्र एकामागून एक मृत्यु पावले व ते स्वतः ज्वरानें अंथरुणास खिळले.

या आजारांत त्यांस एक स्वप्न पडलें, आणि त्यानें त्यांच्या आयुष्याला वळण लावलें. उपवासाचे दिवस होते. जेरोम उपवास करीत, रात्रीं जागून अश्रु ढाळीत, आणि मग हातीं घेत तो सिसेरो! कधीं संदेष्ट्यांचे ग्रंथ उघडले तर ती भाषा त्यांच्या शिक्षित कानांस ओबडधोबड वाटे व पुस्तक मिटविलें जाई. अशा स्थितींत त्यांनीं स्वप्नांत पाहिलें कीं, आपण न्यायासनापुढें उभे आहोंत. तूं कोण, असें विचारतां त्यांनीं आपण ख्रिस्ती असल्याचें सांगितलें. परंतु न्यायाधीशानें तें मान्य केलें नाहीं. तूं ख्रिस्ताचा नसून सिसेरोचा आहेस, असा निकाल मिळाला व फटके बसूं लागले. जागे झाल्यावर त्यांनीं पवित्र शास्त्राच्या अभ्यासास जो प्रारंभ केला तो मरेपर्यंत सोडला नाहीं.

या स्वप्नाचा अर्थ काय घ्यावा? आमच्या शाळेंत कालिदास, शेक्सपिअर, ज्ञानेश्वर, मोरोपंत हे सर्व वाचले जातात; तेव्हां हा प्रश्न आमच्या मुलांस परका नाहीं. विद्येवर प्रेम करणें हें ईश्वराच्या दृष्टीनें पाप आहे काय? जेरोम यांचें पुढील आयुष्य याचें उत्तर देतें. बरीच वर्षें ते जुन्या कवींपासून दूर राहिले हें खरें. परंतु जें एकदां हृदयांत रुजलें होतें तें उपटून टाकणें शक्य नव्हतें, आणि उतारवयांत बेथलेहेम येथें त्यांनीं लहान मुलांस व्हर्जिल व इतर कवि शिकविले. यावरून त्यांच्या विरोधकांनीं त्यांस स्वप्नांतील शपथेची आठवण देऊन टोमणेहि मारले. आमच्या मतें त्या स्वप्नाचा रोख विद्येवर नव्हता. मनाच्या पहिल्या आसनावर कोण बसला आहे, याची ती चौकशी होती. तें आसन एकदां योग्य धन्यास दिलें म्हणजे इतर सर्व विद्या त्याच्या सेवेस लागतात. जेरोम यांचें व्याकरण, अलंकारज्ञान, शब्दांचा चोखंदळपणा हीं सर्व पुढें देवाच्या वचनाच्या कामीं आलीं.

बरे झाल्यावर ते अँटिओकच्या पूर्वेस कॅल्किस येथील वाळवंटांत एकांतवासी तापसांमध्यें जाऊन राहिले. वरून सूर्य, खालीं तप्त वाळू, अंगावर जाडेंभरडें वस्त्र. शरीर उपवासानें वाळलें, तरी मन रोमच्या आठवणींनीं बेचैन होई. या मनाला वेसण घालण्यासाठीं त्यांनीं एक विलक्षण उपाय योजिला. ख्रिस्ती झालेल्या एका यहूदी तापसापाशीं ते इब्री भाषा शिकूं लागले. ज्यानें लॅटिनमधील अत्यंत मधुर वाक्यें कंठस्थ केलीं होतीं, त्यानें आतां तिशीच्या सुमारास मुळाक्षरें गिरवावयास बसावें व घशांतून निघणारे, फूत्कारासारखे वाटणारे उच्चार घोकावे! कितीदां तरी ते निराश झाले, कितीदां अभ्यास टाकून दिला आणि पुन्हां आरंभिला. या कडू बियांपासून आपणांस गोड फळें मिळालीं, असें त्यांनीं पुढें कृतज्ञतेनें नमूद केलें आहे. बीजगणिताचें किंवा संस्कृत शब्दरूपांचें पुस्तक रागानें मिटविणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हा प्रसंग ध्यानांत ठेवावा.

वाळवंटांतून परत आल्यावर अँटिओकचे बिशप पॉलिनस यांनीं त्यांस धर्मगुरूची दीक्षा दिली. नंतर कॉन्स्टँटिनोपल येथें संत ग्रेगरी नाझियान्झेन यांच्या चरणांपाशीं त्यांनीं शास्त्राध्ययन केलें, आणि इ. स. ३८२ मध्यें ते पुनः रोम येथें आले. तेव्हां पोप डमासस हे ख्रिस्तसभेचे प्रमुख होते. त्यांनीं जेरोमची विद्वत्ता ओळखून त्यांस आपले चिटणीस नेमिलें व त्यांजकडे एक मोठें काम सोंपविलें.

तें काम असें होतें. पश्चिमेकडील देवालयांत लॅटिनमधून शास्त्र वाचलें जाई. पण तीं भाषान्तरें निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या हातांनीं केलेलीं. त्यांत नकलकारांच्या डुलक्यांची भर. एकानें शब्द गाळला, दुसऱ्यानें समासांतील टीप मजकुरांत घातली, तिसऱ्यानें एका शुभवर्तमानांतील वाक्य दुसऱ्यांत नेलें. परिणामीं जितक्या प्रती तितके पाठ, अशी अवस्था झाली. मूळ ग्रीक प्रतींशीं ताडून शुभवर्तमानांचा शुद्ध पाठ तयार करावा, अशी पोप डमासस यांची आज्ञा झाली. वृद्ध मनुष्य लहानपणापासून जें ऐकत आला त्यांत एक शब्द बदलला तरी तो संतापेल, हें जेरोम पुरतें जाणून होते. तरी त्यांनीं काम अंगावर घेतलें व चारहि शुभवर्तमानें तपासून पोपांच्या हातीं दिलीं.

याच काळांत रोममधील कित्येक कुलीन स्त्रिया त्यांच्या शिष्या झाल्या. मार्सेला नांवाच्या विधवेच्या ॲव्हेन्टाइन टेंकडीवरील घरीं प्रार्थना, स्तोत्रगायन व शास्त्राभ्यास चाले. मार्सेला ही नुसती ऐकून घेणारी नव्हती. ती प्रश्न विचारी, शंका काढी, आणि समाधान झाल्याखेरीज सोडीत नसे. दुसरी शिष्या पॉला व तिची कन्या युस्टोकियम. परंतु जेरोम यांची जीभ तीक्ष्ण होती. रोममधील चैनी धर्मगुरूंवर त्यांनीं जे कोरडे ओढले, त्यांमुळें शत्रु पुष्कळ झाले. पॉलाची तरुण कन्या ब्लेसिला हिचा अकालीं अंत झाला, तेव्हां कडक उपवासांनीं तिचा जीव घेतला असा बोभाटा करून लोकांनीं दोष जेरोमवर ठेविला. इ. स. ३८४ च्या डिसेंबरांत पोप डमासस निवर्तले व त्यांचा आधार तुटला. पुढील वर्षीं ऑगस्टांत त्यांनीं रोम सोडलें तें कायमचें.

पॉला व युस्टोकियम याहि मागोमाग निघाल्या. पवित्र भूमि व मिसर देश पाहून इ. स. ३८६ मध्यें ही मंडळी बेथलेहेम येथें स्थायिक झाली. पॉलानें आपल्या द्रव्यानें पुरुषांसाठीं एक मठ, स्त्रियांसाठीं तीन मठ व यात्रेकरूंसाठीं एक धर्मशाळा बांधिली. ज्या गांवीं मरिया व योसेफ यांस उतरावयास जागा मिळाली नाहीं, तेथें कोणीहि वाटसरू उघड्यावर राहूं नये, अशी तिची इच्छा होती.

या मठांतील दिनक्रम मननीय आहे. पहाटे, तिसऱ्या, सहाव्या व नवव्या प्रहरघटिकेस, सायंकाळीं व मध्यरात्रीं सर्व भगिनी एकत्र येऊन स्तोत्रें गात. सर्व स्तोत्रें मुखोद्गत असणें आवश्यक असे, व रोज शास्त्राचा कांहीं भाग नव्यानें पाठ करावा लागे. रविवारीं सर्वजणी देवालयांत जात व परत आल्यावर शिवणकाम, विणकाम वांटून घेत. पॉला तर इब्री शिकून मूळ भाषेंतच स्तोत्रें गाऊं लागली. येथें उपासना व अभ्यास यांत भिंत नव्हती. सकाळीं जें गाइलें त्याचाच अर्थ दुपारीं शोधावयाचा व रात्रीं तेंच पुन्हां अधिक समजून गावयाचें, असा क्रम होता. पवित्र ख्रिस्तशरीराचा एक कणहि भूमीवर पडूं नये म्हणून भाविक जसा जपतो, तसेंच देवाचें वचन कानांवर पडत असतां मन दुसरीकडे जाऊं नये म्हणून जपावें, असा उपदेश जेरोम आपल्या मठवासीयांस करीत. मिस्साबलीच्या वेळीं शास्त्रपाठ चालू असतां मागें वळून कोण आलें, कोण गेलें हें पाहणाऱ्यांस याहून अधिक काय सांगावें?

बेथलेहेम येथेंच त्यांच्या हातून आयुष्यांतील सर्वांत मोठें कार्य झालें. जुन्या कराराचें प्रचलित लॅटिन भाषान्तर ग्रीक भाषान्तरावरून केलेलें होतें, म्हणजे तें भाषान्तराचेंहि भाषान्तर होतें. मूळ इब्रीवरूनच नवें भाषान्तर करावें, असें जेरोमनीं ठरविलें. इब्रीचें ज्ञान वाढविण्यासाठीं त्यांनीं एका यहूदी पंडितास गुरु केलें. स्वकीयांच्या रोषाच्या भयानें तो रात्रींच्या वेळीं येऊन शिकवीत असे. सीझरिया येथील ग्रंथालयांत जाऊन त्यांनीं ओरिजेन यांनीं सिद्ध केलेल्या, अनेक पाठ शेजारीं शेजारीं मांडलेल्या महाग्रंथाशीं प्रती ताडून पाहिल्या. टोबीत हें पुस्तक अरामी भाषेंत होतें; ती भाषा त्यांस चांगली येत नसल्यामुळें दोन्ही भाषा जाणणारा एक मनुष्य त्यांनीं बोलाविला. तो अरामी वाचून इब्रींत सांगे व जेरोम तत्काळ लॅटिन करून लेखनिकास सांगत. तें पुस्तक एका दिवसांत पुरें झालें! परंतु सबंध जुना करार पुरा व्हावयास सुमारें पंधरा वर्षें लागलीं, इ. स. ४०५ च्या सुमारास तें काम संपलें.

या श्रमाबद्दल त्यांस प्रारंभीं स्तुति कमी व निंदा फार मिळाली. एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. योना संदेष्ट्यावर सावली करण्यासाठीं देवानें एक झाड उगवविलें, ही कथा आमच्या मुलांस माहीत आहे. जुन्या लॅटिन भाषान्तरांत त्यास भोपळ्याचा वेल म्हटलें होतें. जेरोमनीं तेथें आयव्ही नांवाच्या वेलीचा शब्द घातला. आफ्रिकेंतील ओइआ या नगरीं बिशपनीं हा नवा पाठ वाचतांच मंडळींत एवढा गोंधळ माजला कीं, बिशपना जुना शब्द पुनः स्वीकारावा लागला, नाहींतर त्यांचा कळप त्यांस सोडून जाता. संत ऑगस्टिन यांनीं हें वृत्त जेरोमना पत्रानें कळविलें व अशा बदलांनीं ख्रिस्तसभेंत फूट पडेल अशी काळजी व्यक्त केली. जेरोमनीं झणझणीत उत्तर दिलें. मूळ इब्री शब्दाचें झाड रुंद पानांचें, लवकर वाढणारें व स्वतःच्या बुंध्यावर उभें राहणारें आहे. लॅटिनमध्यें त्यास नांव नाहीं, म्हणून आपण आयव्ही हा शब्द योजिला, असा त्यांचा खुलासा होता. हें झाड म्हणजे आपल्याकडील एरंडच असावा, असें आज बहुतेक पंडित मानतात. एका झाडाच्या नांवावरून दोन महान् संतांत मतभेद व्हावा हें पाहून कोणी हंसेल. पण एकास सत्याची व दुसऱ्यास ऐक्याची तळमळ होती, आणि कालांतरानें दोघेहि एकमेकांचे स्नेही झाले.

जेरोम निर्दोष होते असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांचा स्वभाव तापट, लेखणी विषारी होऊं शके. तरुणपणापासूनचा जिवलग मित्र रुफिनस याच्याशीं ओरिजेनच्या मतांवरून वाद झाला तेव्हां त्यांनीं जी कठोर भाषा वापरली, ती वाचून आजहि वाईट वाटतें. ख्रिस्तसभेनें त्यांस संत म्हटलें तें ते रागावत नसत म्हणून नव्हे. आपल्या रागाशीं, शरीराशीं व आळसाशीं ते जन्मभर झुंजत राहिले, म्हणून.

आणि हेंच तापट गृहस्थ लहान मुलांविषयीं लिहितांना किती कोमल होत! पॉलाची सून लीटा हिनें आपल्या चिमुकल्या मुलीस कसें शिकवावें असें विचारलें असतां त्यांनीं एक विस्तृत पत्र लिहिलें. मुलीला लांकडाचीं किंवा हस्तिदंताचीं अक्षरें करून द्यावींत, म्हणजे खेळतां खेळतां तीं ओळखतां येतील; तीं उलटसुलट मिसळून पुन्हां लावावयास सांगावें; लिहितांना तिचा हात धरावा; लहानसें बक्षीस द्यावें; बरोबर शिकणाऱ्या सोबतिणी असाव्यात; ती मंद असली तर रागावूं नये, कारण बालपणीं अभ्यासाचा वीट आला तर तो मोठेपणींहि जात नाहीं. सोळाशें वर्षांपूर्वीं लिहिलेला हा उपदेश आमच्या विद्यार्थ्यांच्या मातापितरांनीं अवश्य मनावर घ्यावा. छडीनें अक्षर वळतें, पण अक्षराची आवड लागत नाहीं.

त्यांचीं शेवटचीं वर्षें दुःखाचीं गेलीं. इ. स. ४०४ मध्यें पॉला मृत्यु पावली. इ. स. ४१० मध्यें ॲलॅरिकच्या गॉथ सैन्यानें रोम लुटलें. वृद्ध मार्सेलेस मारहाण झाली व ती थोड्याच काळांत वारली. कालपर्यंत ज्यांच्या घरीं दासदासी राबत असे लोक भिकारी होऊन बेथलेहेमच्या दाराशीं आले. जेरोम तेव्हां यहेज्केलाच्या ग्रंथावर भाष्य लिहीत होते. त्यांनीं लेखणी खालीं ठेविली व निर्वासितांच्या सेवेस लागले. दिवस अतिथींसाठीं, आणि रात्रींचा जो चोरटा वेळ मिळे तो दिव्याच्या उजेडांत भाष्यासाठीं. इब्री अक्षरें तर त्यांच्या मंदावलेल्या डोळ्यांस दिवसाहि नीट दिसत नसत. शास्त्राचे शब्द आचरणांत आणण्याची वेळ आली असतां ते नुसते लिहीत बसणें त्यांस योग्य वाटलें नाहीं. इ. स. ४१६ मध्यें दंगलखोरांनीं मठांवर हल्ला करून आगी लावल्या. त्याहि आपत्तींतून ते वांचले. अखेर ३० सप्टेंबर ४२० रोजीं बेथलेहेम येथेंच त्यांनीं देह ठेविला.

ज्या भाषान्तरास लोकांनीं नांवें ठेविलीं, तेंच पुढें पश्चिमेच्या ख्रिस्तसभेचें शास्त्र झालें. पंधराव्या शतकांत गुटेनबर्गनें आपल्या छापखान्यांत जें प्रसिद्ध बायबल छापलें तें हेंच, आणि इ. स. १५४६ मध्यें ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें त्यास अधिकृत मानिलें. चित्रकार जेरोमजवळ एक सिंह काढतात, पण ती कथा मूळची दुसऱ्याच एका साधूची आहे. दमण येथें नदीकांठीं पोर्तुगीजांनीं बांधलेला एक किल्ला आजहि त्यांचें नांव धारण करून उभा आहे. आमच्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाई यांनीं इब्री व ग्रीक भाषा शिकून केडगांवच्या मुक्तिसदनांत सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठींत आणिलें व तें काम पुरें करून १९२२ सालीं देह ठेविला. पंथ निराळा असला तरी हा वारसा जेरोम यांचाच, असें आम्ही मानतों. इ. स. २०१९ मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं वर्षांतील एक रविवार देवाच्या वचनासाठीं म्हणून नेमून दिला, तो जाहीरनामाहि संत जेरोम यांच्या सणाच्या दिवशींच, ३० सप्टेंबर रोजीं, काढला.

विद्यार्थिमित्रांनो, आपणांपैकीं प्रत्येकाला इब्री शिकतां येणार नाहीं व वाळवंटांत जाऊन राहतांहि येणार नाहीं. तशी गरजहि नाहीं. पण उद्यां मिस्साला जाण्यापूर्वीं त्या दिवशींचें शुभवर्तमान घरीं एकदां वाचून जाणें. जो शब्द समजला नाहीं त्यावर बोट ठेवून वडील मंडळीस, शिक्षकांस वा धर्मगुरूंस विचारणें. एखादें स्तोत्र अर्थासह पाठ करणें. आणि वाचलेल्यांतील एक तरी गोष्ट त्या आठवड्यांत करून पाहणें, एवढें कोणासहि साधेल. मातापित्यांनीं रात्रींच्या प्रार्थनेनंतर घटकाभर मुलांबरोबर शास्त्र वाचलें तर घरच एक लहानसें बेथलेहेम होईल. ईश्वरकृपेनें आमच्या शाळेंतून असे सावध वाचक व सावध उपासक निघोत, हीच आमची प्रार्थना.